साडेसहा तास मागे

वरदा कुलथे ऑफिसात आली ती खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागली.

"मी हीटर लावला होता. लिहून ठेवलंय मी. वेळ घालून लिहिलंय."

तिने पिशवीतून एक जाड वही काढून टेबलावर ठेवली. कार्डिफहून स्लाऊपर्यंत तीन तास बसमध्ये ती वही तिने मांडीवरच धरली असावी, कारण तिचे कोपरे दमट झाले होते.

सुनेत्रा बर्वेंनी चष्मा लावला. बावीस वर्षं त्यांनी एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले होते, म्हणजे लोकांचं खोटं बोलणं ऐकलं होतं. आता त्या स्वतंत्रपणे तपासाची कामं घेत. त्यांच्याबरोबर यतीन बोबडे असे. मूळचा नागपूरचा, कंपनीने कमी केलेला सॉफ्टवेअर टेस्टर. ताईंची गाडी चालवणं हे त्याचं मुख्य काम, कारण ताई इथल्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये चार वेळा नापास झाल्या होत्या आणि चारही वेळा चूक परीक्षकाची होती.

"कुठला हीटर?" ताईंनी विचारलं.

"गाडीचा. इंजिनाचा."

"गाडीचा हीटर रात्री कशाला लावायचा?" यतीन हसला. "गाडीत तर कुणीच बसलेलं नसतं."

"तू गप्प बस. वरदा, तू पहिल्यापासून सांग."

वरदा सांगलीची. केअररच्या व्हिसावर आलेली. कार्डिफच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका एकट्या घरात डॉ. शशी नाडगौडांची देखभाल करायला एजन्सीने तिला ठेवलं होतं. डॉक्टर अडुसष्ट वर्षांचे, दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरात पत्नी अलकाकाकू आणि वरच्या खोलीत भाड्याने राहणारा नकुल. मुलगा अंशुमन लंडनजवळ क्रॉयडनला.

"काकांची गाडी जुनी डिझेल आहे. काका पूर्वी स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला होते, तिथली. इंजिनातच हीटर बसवलाय. बंपरमधून वायर काढायची आणि गॅरेजमधल्या सॉकेटला जोडायची. पेट्रोलसारखी डिझेलला ठिणगी नसते. आतली हवा दाबून तापते, त्याच्यावर ते पेटतं. इंजिन बर्फासारखं गार असलं की पेटतच नाही, त्यातून गाडी जुनी. म्हणून सॉकेटमध्ये टायमर आहे. रोज पहाटे साडेतीनला हीटर चालू, साडेसहाला बंद. डायलिसिस नसेल त्या दिवशीही."

"रोज कशाला?"

"किडनीचा फोन कधीही येऊ शकतो ना. तीन वर्षं वाट बघताहेत काका."

फोन बुधवारी आला. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. किडनी मिळते आहे, आठच्या आत पोचा. घरापासून हॉस्पिटल पन्नास मिनिटांवर.

"मी पाच वीसला किल्ली फिरवली," वरदा म्हणाली. "बाहेर उणे आठ होतं. इंजिन नुसतं घरघरलं. चौथ्यांदा फिरवल्यावर बॅटरीच बसली. टॅक्सीवाल्यांना फोन लावले, पण रस्त्यावर नुसता काच झालेला बर्फ, कुणी डोंगरात यायला तयार होईना. आठ पाचला एक आली. पोचलो तेव्हा नऊला पाच कमी होते. किडनी दुसऱ्या पेशंटला दिली होती. त्यांचं काही चुकलं नाही, किती वेळ थांबणार?"

"आणि टायमर?"

"तो सॉकेटमध्येच होता, वायर जोडलेली होती. फक्त तो साडेसहा तास मागे होता. अंशुमनदादांनी दुसऱ्या दिवशी येऊन त्याचा फोटो काढला आणि एजन्सीला पाठवला. मी वेळ चुकीची लावली म्हणे. मंगळवारी हिअरिंग आहे. मला काढलं तर साठ दिवसांत व्हिसासाठी दुसरा मालक, म्हणजे स्पॉन्सर, शोधायचा, नाहीतर परत जायचं. जिच्या हलगर्जीपणाने माणसाची किडनी गेली, अशा बाईला कोण घेईल?"

ताईंनी वही उघडली. मंगळवारच्या पानावर शेवटची ओळ होती: रात्री १०:००, हीटरची वायर जोडली, टायमर तपासला, घड्याळाशी जुळतो.

"प्रत्येक गोष्टीपुढे वेळ आहे," ताई म्हणाल्या.

"ट्रेनिंगमध्येच सांगतात. वेळ नसलेली नोंद धरत नाहीत." वरदाने त्या ओळीवर बोट ठेवलं. "पण ही वेळ घातलेलीही धरत नाहीयेत. मागाहून लिहिली म्हणताहेत."

सुनेत्राताईंनी वही मिटली ती जरा जोरातच. घरातल्या सगळ्यांत जिच्या शब्दाला किंमत नाही तिच्या डोक्यावर खापर फोडायचं, ही पद्धत त्यांनी बावीस वर्षं पाहिली होती. अजूनही ती पाहिली की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई.

"रविवारी येते मी," त्या म्हणाल्या. "तोवर त्या टायमरला कुणी हात लावू नका म्हणावं."

"दादांनीच सांगितलंय तसं. पुरावा आहे म्हणून."

"वा! फार उपकार झाले त्यांचे."

*

रविवारी डोंगरात ऊन होतं, पण त्याचा उपयोग काही नव्हता. गावातल्या पबसमोर इलेक्ट्रिक गाड्या चार्ज करायचा एक खांब होता. त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली आणि कौन्सिलची चिठ्ठी. यतीनने काच खाली करून वाचली.

"नादुरुस्त. तारीख बघा ताई, सव्वीस डिसेंबर. महिना होत आला. आपल्याकडे असं असलं की सगळे नाकं मुरडतात."

"काच वर घे. गारठले मी."

घरापुढे मोठं फरसबंद अंगण, एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला गॅरेज. गॅरेजमध्ये इतकं सामान की गाडी बाहेर, दारालगत उभी. तिच्या शेजारी आणखी एक गाडी मावेल एवढी जागा. फाटकाजवळ अंशुमनची नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी चमकत होती.

वरदाने गॅरेज उघडून दाखवलं. भिंतीवर एकच दुहेरी सॉकेट. एकात डीप फ्रीजरचा प्लग, त्यावर चिकटपट्टीने लावलेला कागद: 'काढू नये. मोदक आहेत. अलका.' दुसऱ्यात तो टायमर. पांढरा, वाटीएवढा, मधे चोवीस तासांची तबकडी, कडेने बारीक खुंट्या.

ताईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. साडेअकरा. तबकडीवर पाच.

"साडेसहा तासच मागे," यतीन म्हणाला. "म्हणजे बुधवारपासून तेवढाच. ताई, बिचारीने वेळ चुकीची लावली हो. मनाने चांगली आहे, पण चूक ती चूक."

"वरदा, ही वेळ तू कधी लावलीस?"

"एक डिसेंबरला. मग हात लावलेला नाही. रोज फक्त बघायची."

"आणि सगळ्या डिसेंबरात गाडी सुरू झाली?"

"थंडीतसुद्धा. एकदाही दगा दिला नाही."

"लाइट गेले होते का?" यतीनने विचारलं. स्वतःच्याच प्रश्नावर तो खूश दिसला. "लाइट गेले की असली तबकडी थांबते. भिंतीतल्या विजेवरच फिरते ती."

"शाबास," ताई म्हणाल्या, आणि तो आणखी खूश झाला. "चल, स्वयंपाकघरात विचारू."

*

अलकाकाकू चहा टाकत होत्या. त्यांचे डोळे सुजले होते.

"लाइट? छे. हा बघा कुकर." त्यांनी शेगडीच्या वरचं डिजिटल घड्याळ दाखवलं; इथे ओव्हनसकट शेगडीलाच कुकर म्हणतात. "लाइट गेले की हा शून्य शून्य दाखवत लुकलुकत बसतो. आम्हाला कुणाला लावता येत नाही. नोव्हेंबरात वरदानंच लावला होता. तेव्हापासून बरोबर आहे."

"काकू, रात्री झोपताना तुम्ही बटणं बंद करता?"

काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. "करते. सवय आहे हो. टीव्ही, मायक्रोवेव्ह, सगळं. अंशुमन म्हणाला, आई, तूच गॅरेजचं बंद केलं असशील. पण देवाशपथ, मी गॅरेजमध्ये गेले नाही. त्या थंडीत कोण जाईल?"

"मंगळवारी अंशुमन आला होता ना?"

"संक्रांतीच्या गुळपोळ्या करायच्या होत्या, म्हणून मुद्दाम बोलावलं. सातला आला. इतका काकडला होता की पहिल्यांदा चहा मागितला, कोटसुद्धा काढेना. हात तर बर्फ. जेवताना ह्यांची आणि त्याची नेहमीची जुंपली. तो म्हणे, बाबा, ते डिझेलचं धूड भंगारात द्या, रात्रभर प्लग लावून ठेवावा लागतो. हे म्हणाले, तुझ्या गाडीलाही प्लगच लागतो की. किती उरलंय तुझ्या गाडीत? तो म्हणाला, बारा टक्के. हे म्हणाले, मग लागला तर सांग, देतो प्लग."

"मग?"

"तो म्हणाला, गरज नाही. बापलेकांनी कधी एकमेकांकडे काही मागितलंय?" काकूंनी पदराने डोळे टिपले. "दहा वाजता तो झोपतो म्हणून वर गेला. लंडनला मीटिंग होती म्हणून पहाटे कुणाला न उठवता निघून गेला. पाच वीसपासून सात वेळा फोन केला मी त्याला. उचललाच नाही, मग किडनीचा फोन आलाय, गाडी सुरू होत नाही असा मेसेज टाकला. सायलेंटवर होता म्हणे."

"कधी कळलं त्याला?"

"नऊला, ऑफिसात पोचल्यावर. रडत होता हो फोनवर."

नकुल हॉस्पिटलात रात्रपाळी करणारा तरुण. नुकताच उठला होता. विचारायच्या आधीच त्याने कबुली देऊन टाकली.

"नोव्हेंबरमध्ये एकदा मी तो टायमर काढून माझी ई-बाइक चार्जला लावली होती. वरदानं असं झापलं म्हणता! तेव्हापासून बॅटरी खोलीत नेतो. मंगळवारी मी नऊलाच ड्यूटीला गेलो, कार घेऊन. परत आलो सात चाळीसला. काका अजून टॅक्सीची वाट बघत हॉलमध्ये बसले होते. मी म्हटलं माझ्या गाडीतून चला, पण तोवर टॅक्सी येतेय म्हणाले, आणि तसंही आठ गाठणं शक्यच नव्हतं."

"गाडी कुठे लावलीस?"

"डिझेलच्या शेजारी. तिथे एक चौकोन जवळजवळ कोरडा होता. बाकी सगळ्या अंगणावर पांढरा थर. घसरायला नको म्हणून तिथेच घातली."

"नऊला निघालास तेव्हा तिथे काय होतं?"

"काहीच नाही. अंशुमनची गाडी फाटकाजवळ होती, आता आहे तिथेच."

अंशुमन अंगणात भेटला. पस्तिशीचा, उंची कोट, इथेच जन्मलेला. त्याचं मराठी आईच्या धाकाने टिकलेलं.

"बघा, मला तुमची रिस्पेक्ट आहे," तो म्हणाला. "पण ही ओपन अँड शट केस आहे. तिने टायमर राँग लावली. माझे बाबांचा किडनी गेला. समबडी हॅज टू बी अकाउंटेबल."

"अगदी बरोबर. कुणाला तरी जबाब द्यावाच लागेल. तू पहाटे किती वाजता निघालास?"

"चार चाळीस."

"तेव्हा गॅरेजमध्ये गेला होतास?"

"मी? व्हाय वुड आय?"

"आम्ही सगळ्यांनाच विचारतोय. सॉकेट एकच आहे, आणि तुझी गाडी विजेवर चालते."

अंशुमन हसला. खिशातून फोन काढून त्याने चार्जिंगचं ॲप उघडलं. "मला माहीत होता तुम्ही हे विचारणार. मी घरी चार्ज नाही केली. पुलाजवळचे मोटरवे सर्व्हिसेसला केली, तो हायवेवरचा स्टॉप. हे बघा, बुधवार. पाच एक्केचाळीस टू सहा बावीस. स्टार्टिंग बॅटरी चौदा पर्सेंट. हॅपी?"

"फार," ताई म्हणाल्या. "याचा फोटो काढू का? यतीन, काढ रे. इथून त्या सर्व्हिसेस किती लांब?"

"चाळीस मैल."

ताईंनी मान डोलावली आणि शाल घट्ट ओढून घेतली. घरात जाता जाता यतीन पुटपुटला, "हा तर सुटला की ताई. कागदोपत्री सुटला."

ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागे राहून पायातले बूट पुसायला लागला.

*

डॉ. नाडगौडा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. चेहरा पिवळट, हातावर डायलिसिसच्या सुयांच्या गाठी. बाकी सगळे कोचावर, खुर्च्यांवर. वरदा दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. ताईंनी आधी ते म्हटलं, आणि ती बसेपर्यंत स्वतः उभ्या राहिल्या.

"टायमर साडेसहा तास मागे आहे," त्यांनी सुरुवात केली. "त्यावरून वरदाने वेळ चुकीची लावली असा निष्कर्ष काढला गेला. पण वेळ लावली एक डिसेंबरला. ती चुकीची असती तर डिसेंबरच्या पहिल्याच थंडीत गाडी अडली असती. दीड महिना गाडी चालली. म्हणजे टायमर बरोबर होता आणि त्या एका रात्रीत तो साडेसहा तास थांबला. हे घड्याळ भिंतीतून काढलं तरच थांबतं."

"ऑर पॉवर कट," अंशुमन म्हणाला.

"कुकरचं घड्याळ लुकलुकलं नाही. वीज गेली नव्हती. कुणीतरी टायमर उपटला, साडेसहा तासांनी पुन्हा बसवला. पाच वीसला वरदा गॅरेजमध्ये गेली तेव्हा तो जागेवर होता. म्हणजे परत बसवला पाच वीसच्या आधी, आणि उपटला रात्री दहा पन्नासच्या आधी. दहाला वरदाने पाहिला तेव्हा तो चालू होता."

"असं ती म्हणते."

"असं तिने लिहिलंय. पण तिचं राहू दे बाजूला. घरात त्या रात्री कोण होतं ते बघू. नकुलने पूर्वी एकदा टायमर काढला होता. पण तो नऊला गेला आणि पावणेआठला आला. काढला असता तरी पाच वीसच्या आत परत लावणार कसा? काकूंना बटणं बंद करायची सवय आहे. त्यांनी बंद केलं असतं तर सकाळी बंदच सापडलं असतं. फोन आला तेव्हापासून त्या डॉक्टरांजवळ होत्या. त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन ते चालू कधी केलं?"

काकूंनी सुस्कारा सोडला. चार दिवस त्या बाईच्या मनात आपणच केलं की काय असा किडा वळवळत होता, आणि तो सोडणारा तिचाच मुलगा होता.

"आता प्रश्न असा," ताई म्हणाल्या, "की गॅरेजमधलं ते सॉकेट साडेसहा तास कुणाला हवं होतं? तीन तास गाडीत बसून आलेला माणूस इतका कसा काकडतो की कोट काढवत नाही? गाडीतला हीटर बंद ठेवला असेल तर. आणि नव्या कोऱ्या गाडीत उणे थंडीत हीटर कोण बंद ठेवतं? ज्याची बॅटरी संपत आलीय तो."

अंशुमन ताठ बसला. "मी सांगितला ना. मी सर्व्हिसेसला चार्ज केली. तुम्ही फोटो काढली."

"काढला. त्याच फोटोवर मी बोलतेय. जेवताना तू म्हणालास, बारा टक्के उरलेत. गावातला चार्जर सव्वीस डिसेंबरपासून पिशवीत गुंडाळलेला आहे. चाळीस मैलांवरच्या सर्व्हिसेसला तू पोचलास तेव्हा बॅटरी होती चौदा टक्के. बारा टक्के घेऊन निघालास, उणे आठमध्ये चाळीस मैल गेलास, आणि दोन टक्के वाढले? अशी गाडी कुठे मिळते ते मलाही सांग, यतीनला घेऊन देते."

अंशुमनने खिशातला फोन चाचपला.

"तू वर गेलास दहाला. वरदा गॅरेजमधून आली, घर शांत झालं, आणि तू खाली उतरलास. गाडी फाटकापासून गॅरेजच्या दाराशी आणलीस. ती सकाळपर्यंत तिथे उभी होती म्हणून खालच्या फरशीवर बर्फ धरला नाही. त्याच कोरड्या चौकोनावर नकुलने आपली गाडी घातली. त्या दुहेरी सॉकेटला जागा दोनच. मोदकांवर चिठ्ठी होती, हात लावू नका. टायमरवर चिठ्ठी नव्हती. तो काढून तू आपला प्लग लावलास. साडेसहा तासांत सर्व्हिसेस गाठण्यापुरती वीज मिळाली. निघताना टायमर जिथला तिथे बसवलास, आईने लावलेली शिस्त. पण तुझ्या सगळ्या वस्तू आपली वेळ आपणच लावून घेतात. बाजारातली साधी तबकडी काढली की थांबते, हे तुझ्या डोक्यातच आलं नाही."

"ओके," अंशुमन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "ओके. मी घेतली. पण मला काय माहीत त्याच दिवशी कॉल येणार? इट वॉज अ मिस्टेक. एनीबडी कुड..."

"इथपर्यंत चूकच होती," ताई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज चढला. "बापाला एक प्लग मागायची लाज वाटली, ही चूक. इथपर्यंत असतं तर मी चहा पिऊन गेले असते. पण ते ॲप फोनवर उघडावं लागतं, अंशुमन. पाच एक्केचाळीसला तू फोन हातात घेतलास. पाच वीसपासून आईचे सात मिस्ड कॉल आणि तो मेसेज त्याच फोनवर होते. नऊला कळलं म्हणालास. तुला पाच एक्केचाळीसला कळलं."

डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वळवली.

"पंधरा मिनिटं चार्ज करून उलट फिरला असतास तर सातच्या आत इथे होतास. आठच्या आत हॉस्पिटलात. पण यायचं म्हणजे गाडी का अडली ते कळणार. मीटिंग बुडणार. तू एक्केचाळीस मिनिटं तिथे बसून राहिलास आणि लंडनला गेलास. आणि दुसऱ्या दिवशी येऊन काय केलंस? आपल्याच करणीचा फोटो काढून या मुलीच्या नावावर पाठवलास! का? तिचा व्हिसा या नोकरीवर आहे, तिच्या हातात साठच दिवस आहेत, ती उलटून बोलणार नाही म्हणून!"

यतीनने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मी फोन बघितला," अंशुमन हळू म्हणाला. "मला वाटला, दे विल गेट अ टॅक्सी. मग... मग नाही मिळाली. मग काय बोलणार होतो मी?" तो वडिलांकडे वळला. "सॉरी, बाबा."

डॉ. नाडगौडा खुर्चीतच त्याच्याकडे वळले. बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"मी प्लग देतो म्हणालो होतो रे. मुकाट्याने घेतलास, त्याचंही काही नाही. पण चार दिवस मी हिच्याशी बोललो नाही. ही माझ्या गोळ्या देत होती, पाय चेपत होती, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडत होतो. तू इथेच बसून ते बघितलंस." त्यांनी वरदाकडे हात केला. "सॉरी मला नको. तिला म्हण."

अंशुमन उठला. "वरदा, आय ॲम रिअली सॉरी. मी एजन्सीला फोन करतो. उद्या फर्स्ट थिंग."

"फोन नको," वरदा म्हणाली.

ती उठली. पिशवीतून वही काढून तिने त्याच्यापुढे टेबलावर उघडली, मंगळवारच्याच पानावर. तिच्या शेवटच्या ओळीखाली चार ओळी कोऱ्या होत्या. तिने पेन वहीवर ठेवलं.

"मी जे केलं ते लिहिलंय. तुम्ही जे केलंत ते तुम्ही लिहा. मंगळवारी हीच वही दाखवणार मी."

अंशुमनने आईकडे पाहिलं. अलकाकाकू खिडकीबाहेर बघत होत्या. मग तो वाकला आणि लिहायला लागला, इंग्रजीत, सावकाश. टायमर काढला. गाडी लावली. टायमर परत बसवला. खाली सही केली आणि वही तिच्याकडे सरकवली.

वरदाने पूर्ण वाचलं. वही परत त्याच्यासमोर ठेवली आणि प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला, कोऱ्या समासावर, एकेक करून बोट टेकवलं.

"वेळ घाला," ती म्हणाली. "वेळ नसलेली नोंद धरत नाहीत."